घारापुरीचा म्हणून दाखविला जाणारा देवमासा

इ. स. १८५१ त प्रसिद्ध झालेल्या 'मोबी डिक' या अमेरिकन कादंबरींत तिचा कर्ता हर्मन मेल्व्हिल यानें घारापुरीच्या लेण्यांविषयीं एक विधान केलें आहे. देवमाशाचें म्हणून जें सर्वांत प्राचीन चित्र उपलब्ध आहे तें घारापुरीस असून तेथील भिंतीच्या एका स्वतंत्र खणांत विष्णूचा मत्स्यावतार कोरलेला आहे, असा त्याचा आशय. विधान कादंबरींतलें, तेव्हां संशोधकांनीं त्याची दखल घेण्याचें कारण नाहीं, असें कोणी म्हणेल. परंतु तेंच विधान मध्यंतरीं एका सुट्या छापील चित्राच्या कडेवर पेन्सिलीनें लिहिलेलें आमच्या पाहण्यांत आलें, आणि त्या ओळीच्या बळावर चित्राची किंमत भलतीच चढविण्यांत आली होती. चित्र अंबरनाथ येथील आमच्या एका संग्राहक स्नेह्यांकडे विक्रीस आलें होतें. पुढें बदलापूर व उल्हासनगर येथील आणखी दोघां संग्राहकांनीं तशाच चित्राविषयीं आम्हांस विचारलें. एका तालुक्याएवढ्या टापूंत तीन ठिकाणीं हा 'घारापुरीचा देवमासा' हिंडूं लागला, तेव्हां त्याचें परीक्षण करणें अवश्य झालें.

मेल्व्हिल हा घरीं बसून समुद्र रंगविणारा लेखक नव्हे. इ. स. १८४१ च्या जानेवारींत 'ॲकुश्नेट' या देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर तो खलाशी म्हणून निघाला होता. त्या काळीं देवमाशाचें तेल दिव्यांत जळे व यंत्रांना लागे. त्यासाठीं हीं जहाजें वर्षानुवर्षें समुद्रावर असत, आणि या धंद्याचीं चित्रें काढून विकणाऱ्यांचा एक स्वतंत्र वर्गच एकोणिसाव्या शतकांत निर्माण झाला. मेल्व्हिलनें आपल्या कादंबरीचीं पंचावन्नावें ते सत्तावन्नावें हीं तीन प्रकरणें या चित्रांच्या परीक्षणास दिलीं आहेत. पहिल्यांत चुकीच्या चित्रांचा समाचार आहे, दुसऱ्यांत बऱ्या चित्रांचा गौरव आहे, आणि तिसऱ्यांत लांकूड, दांत, दगड व आकाशांतील तारे यांत दिसणाऱ्या देवमाशांची गंमत आहे. चुकीच्या चित्रांच्या यादींत अग्रपूजेचा मान घारापुरीस! दोष कोणता? तर मूर्तीच्या खालच्या भागीं जें शेंपूट आहे तें देवमाशाच्या रुंद, पसरट शेंपटासारखें नसून अजगरासारखें निमुळतें आहे.

येथें दोन प्रश्न निघतात. घारापुरीस असें शिल्प आहे काय, हा पहिला. आणि मत्स्यावताराची मूर्ति देवमाशाच्या मापानें मोजावी काय, हा दुसरा.

पहिल्याचें उत्तर एका शब्दांत देतां येतें: नाहीं. घारापुरीचें मुख्य लेणें शैव आहे आणि तें सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचें मानतात. त्यांत त्रिमुख महेशमूर्ति आहे. अर्धनारीश्वर, गंगाधर, कल्याणसुंदर, अंधकासुरवध, नटराज, योगीश्वर, रावणानुग्रह आणि शिवपार्वती असे मोठे शिल्पपट आहेत. विष्णु तेथें आहे, पण शिवाच्या लीला पाहावयास गरुडावर बसून आलेल्या देवांपैकीं एक म्हणून. अर्धनारीश्वराच्या पटांत मकरावर बसलेला वरुणही आहे; पण मकर म्हणजे मत्स्य नव्हे आणि वरुण म्हणजे विष्णु नव्हे, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. कार्स्टेन नीबुर यानें इ. स. १७६४ त हें लेणें पाहून त्याचें वर्णन केलें. विल्यम अर्स्किन याचा विस्तृत निबंध मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथांत इ. स. १८१९ त छापला. जेम्स बर्जेसचें स्वतंत्र पुस्तक १८७१ चें. यांपैकीं कोणासही तेथें मत्स्यावतार आढळला नाहीं. यांतील पहिलीं दोन वर्णनें मेल्व्हिलच्या कादंबरीपूर्वीं कित्येक वर्षें छापून झालेलीं होतीं, हें लक्षांत ठेवावें.

यावर एक आक्षेप आमच्या कानीं आला आहे. पोर्तुगीजांनीं घारापुरीची जी मोडतोड केली तींत मत्स्यावताराचा पट नष्ट झाला असेल, असा तो आक्षेप. मोडतोड झाली हें खरें. तेथील एक शिलालेख पोर्तुगालास नेण्यांत आला व मग त्याचा पत्ता लागला नाहीं, हें दिओगु दु कुतु यानें लिहून ठेवलें आहे. परंतु नष्ट झालेल्या वस्तूविषयीं वाटेल तें म्हणतां येतें, म्हणून कांहींच म्हणूं नये हें बरें. शिवाय मेल्व्हिल नष्ट झालेल्या शिल्पाविषयीं बोलत नाहीं. त्याच्या मतें तें शिल्प तेथें आहे, आणि त्याच्या शेंपटाचा आकारही तो सांगतो. जें फुटून गेलें त्याचें शेंपूट निमुळतें होतें हें त्यास कोणी सांगितलें?

सांगितलें असावें तें पुस्तकानें. मेल्व्हिलच्या आधारग्रंथांचा शोध घेणाऱ्या अभ्यासकांनीं टॉमस मॉरिस या इंग्रज पाद्र्याच्या ग्रंथांकडे बोट दाखविलें आहे. मॉरिस हा पुढें ब्रिटिश म्यूझियमांत हस्तलिखितांचा साहाय्यक रक्षक झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यानें हिंदुस्थानच्या प्राचीन वस्तूंवर व इतिहासावर जाडजूड ग्रंथ लिहिले. त्यांत घारापुरीच्या लेण्यांचें वर्णन आहे, आणि माशाच्या जबड्यांतून वर निघालेल्या चतुर्भुज विष्णूचें एक चित्रही आहे. मेल्व्हिलनें 'मत्स्य' हा शब्द ज्या विचित्र रीतीनें लिहिला आहे, तीच रीत मॉरिसची आहे. आमचा तर्क असा कीं, वर्णन एका ठिकाणचें व चित्र दुसऱ्या ठिकाणचें. वाचणाऱ्याच्या स्मरणांत दोन्ही एक झालीं आणि कागदावरचा मत्स्य दगडांत जाऊन बसला. अशा धाटणीचीं मत्स्यावताराचीं चित्रें युरोपांत मॉरिसच्याही पूर्वीं छापलीं जात होतीं; किर्खर याच्या १६६७ च्या व बाल्देउस याच्या १६७२ च्या ग्रंथांत दशावतारांचीं चित्रें आहेत. म्हणजे ही परंपरा कागदाची आहे, पाषाणाची नव्हे.

आमच्या स्नेह्यांकडील चित्रही असेंच ग्रंथांतून निघालेलें. तांब्याच्या पत्र्याच्या दाबाची चौकट कागदावर उमटलेली आहे, मागची बाजू कोरी आहे, आणि डाव्या कडेस शिवणीचीं छिद्रें स्पष्ट दिसतात. ग्रंथाचीं पानें उसवून एकेक चित्र निराळें विकण्याचा हा धंदा हल्लीं बराच वाढला आहे. ज्या ग्रंथास दोन शतकें वाळवीनें खाल्लें नाहीं त्यास एका दुपारीं चाकूनें खावें, याला काय म्हणावें! चित्र घेण्यासारखें आहे. पण त्याचें मोल युरोपांतील लोक हिंदु देवतांस कोणत्या रूपांत पाहत होते याचा पुरावा एवढेंच आहे. घारापुरीशीं त्याचा संबंध नाहीं आणि देवमाशाशीं तर मुळींच नाहीं.

दगडापाशीं जाऊन वाचावें, हा धडा अंबरनाथकरांस तरी नवा नाहीं. तेथील शिवालयाच्या शिलालेखांतील शक डॉ. भाऊ दाजी यांनीं ७८२ असा वाचला होता. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा वाचला आणि तोच मान्य झाला. एका अंकानें मंदिराचें वय दोनशें वर्षांनीं बदललें. भाऊ दाजींची योग्यता त्यामुळें कमी झाली असें कोणी मानीत नाहीं. मात्र ७८२ हा अंक आज कोणी छापीतही नाहीं.

आतां दुसरा प्रश्न. मेल्व्हिलनें शेंपटावरून परीक्षा केली ती कसोटी स्वतः खोटी नाहीं. देवमासा हा मासा नव्हे. तो श्वास घेणारा, पिलांस दूध पाजणारा प्राणी आहे. माशाचें शेंपूट उभें असतें व डावीकडे-उजवीकडे हालतें. देवमाशाचें आडवें असतें व वर-खालीं हालतें. माशास खवले असतात, देवमाशास नसतात. ही कसोटी घेऊन मत्स्यावताराचीं चित्रें पाहावीं, म्हणजे उत्तर आपोआप मिळतें. त्या चित्रांत खवले रेखलेले असतात, शेंपूट माशाचें असतें. चित्रकारानें मासा काढावयाचा ठरविला व मासाच काढला. तो देवमाशासारखा नाहीं म्हणून त्यास दोष देणें म्हणजे नंदीस सोंड नाहीं म्हणून शिल्पकारास नांवें ठेवण्यासारखें आहे.

मूळ कथाही हेंच सांगते. शतपथब्राह्मणांत मनूच्या हात धुण्याच्या पाण्यांत एवढासा मासा येतो. तो घटांत मावेना, मग खड्ड्यांत, मग समुद्रांत. तेथें तो विष्णु म्हणून सांगितलेलाच नाहीं. महाभारताच्या वनपर्वांत तो स्वतःस ब्रह्मा म्हणवितो. विष्णूचा अवतार म्हणून त्याची प्रतिष्ठा पुढची, आणि वेद चोरणाऱ्या हयग्रीवाची कथा भागवताच्या आठव्या स्कंधांत येते. मेल्व्हिलनें आपल्या ब्याऐंशीव्या प्रकरणांत हीच कथा घेऊन, बुडालेले वेद वर काढण्यासाठीं विष्णु देवमासा झाला असें म्हटलें आहे, आणि त्याच जोरावर विष्णूस देवमाशांच्या शिकाऱ्यांच्या मंडळांत बसविलें आहे. ती थट्टा आहे हें उघड दिसतें, व थट्टा म्हणून ती आम्हांस आवडलीही. परंतु त्याच लेखणीनें छप्पन्नाव्या प्रकरणांत खऱ्या चित्रांची इतकी काटेकोर परीक्षा केली आहे कीं, वाचक थट्टेसही साक्ष समजून बसतो. या कादंबरींतील हिंदु कल्पनांवर प्रा. एच्. बी. कुलकर्णी यांनीं इ. स. १९७० त स्वतंत्र पुस्तक लिहिलें व पांढऱ्या देवमाशासच अवतार म्हटलें. तो रूपकाचा विचार झाला. रूपकास घारापुरीच्या भिंतीची गरज नाहीं.

मासा देवापाशीं कसा असतो हें पाहावयाचें असेल तर आमच्या भागांतील लोकांस दूर जावें लागत नाहीं. फाळणीनंतर सिंधी बांधव कल्याणच्या लष्करी छावणींत येऊन राहिले आणि इ. स. १९४९ त त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें. तेथील घराघरांत झुलेलालाचें चित्र असतें: पाण्यावर मासे, त्यांवर कमळ, कमळावर श्वेतश्मश्रु देव. ते मासे 'पल्ला' जातीचे, समुद्रांतून सिंधु नदींत शिरून प्रवाहाविरुद्ध चढणारे. कोणा भाविकानें त्यांस तिमि म्हटल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांतही मत्स्याचा एक रंग असतो. दहा रंग, प्रत्येकीं बारा पानें, एकूण १२०. मत्स्याच्या रंगाच्या एक्क्यावर एक मासा, दुर्रीवर दोन, अशा क्रमानें दश्शीपर्यंत. ते मासे बाजारच्या पाटींतल्या माशांचे सख्खे भाऊ शोभतात.

मेल्व्हिलनें ज्यांचा गौरव केला ते चित्रकार मात्र खरोखरीच जाणते होते, आणि येथें एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. मोठ्या डोक्याच्या तेलवाल्या देवमाशाच्या छापील आकृत्यांत टॉमस बील याच्या आकृत्या त्यास सर्वांत चांगल्या वाटल्या; त्यांच्या खालोखाल त्यानें हगिन्स याची आकृति मानली. हा विल्यम जॉन हगिन्स चित्रकार म्हणून नांवारूपास येण्यापूर्वीं 'पर्सिव्हिअरन्स' या जहाजावर नोकरीस होता, आणि तें जहाज डिसेंबर १८१२ त मुंबई व चीन यांच्या सफरीस निघून ऑगस्ट १८१४ त परतलें. म्हणजे ज्या बंदरांत घारापुरीचें बेट आहे त्या बंदराची सफर हगिन्सनें केली, आणि घारापुरीविषयीं लिहिणारा मेल्व्हिल मात्र हिंदुस्थानांत कधीं आलाच नाहीं. इ. स. १८२५ च्या हगिन्सच्या प्रसिद्ध चित्रांत 'अमेलिया विल्सन' व 'कॅस्टर' हीं जहाजें मोलुक्का बेटांतील बुरू बेटाजवळ शिकारींत गुंतलेलीं आहेत. जहाजाचा दोर न् दोर त्यांत जागच्या जागीं आहे. मात्र सगळें इतकें नीटनेटकें आहे कीं, तेथें कोणी मरतो आहे असें वाटत नाहीं.

फ्रेंच चित्रकार गार्नरे याचीं दोन चित्रें मेल्व्हिलनें शिकारीच्या चित्रांत श्रेष्ठ मानलीं, आणि त्याचा हा निवाडा आम्हांस मान्य आहे. गार्नरे तरुणपणीं सुर्कूफ याच्या जहाजावर होता व इ. स. १८०० त बंगालच्या उपसागरांत इंग्रजांचें 'केंट' हें जहाज पकडण्यांत सामील होता. पुढें १८०६ ते १८१४ इंग्रजांच्या कैदेंत राहिला. त्याच्या चित्रांत पाण्यास वजन आहे. देवमासा खालून उसळतो, होडीचीं शकलें उडतात, माणसें हवेंत फेकलीं जातात, आणि पाहणाऱ्याचा तोल जातो. टर्नरनें १८४५ व १८४६ त रॉयल ॲकॅडमींत मांडलेलीं याच विषयाचीं चार चित्रें आम्हीं नकलांवरूनच पाहिलीं आहेत. त्यांत देवमासा शोधावा लागतो. रसिक त्यांस डोक्यावर घेतात तर घेवोत.

या शिकारीच्या चित्रांत एक गोष्ट मात्र आम्हांस फार विचार करावयास लावते, आणि ती म्हणजे दोर. होडीच्या नाळेवर उभा असलेला माणूस दोर बांधलेला भाला देवमाशाच्या अंगांत रुतवितो; जनावर पळतें, दोर ताणला जातो, आणि होडी त्याच्यामागें लाटांवरून फरफटत जाते. प्रचंड जलचर, लहानशी होडी, दोघांमध्यें दोर व भोंवतीं अपार पाणी. आतां मत्स्यावताराचें चित्र पाहा. तेथेंही प्रचंड जलचर, लहानशी नौका, दोघांमध्यें दोर व भोंवतीं प्रलयाचें पाणी. हा दोर भागवतांत वासुकि नाग आहे. मांडणी तंतोतंत एक, आणि अर्थ उलटा. मनूची नौका मत्स्याच्या शिंगास बांधली ती त्या मत्स्याच्याच सांगण्यावरून. तो तिला ओढतो ती हिमालयाच्या शिखरास लावण्यासाठीं. भारतकारांनीं त्या शिखरास नौबंधन असें नांव दिलें आहे. एका चित्रांत दोर शिंगास, दुसऱ्यांत मांसांत. मेल्व्हिलसारख्या, त्या दोराची भीति स्वतः जाणणाऱ्या माणसानें हें चित्र समोर असतां शेंपूटच मोजीत बसावें, याचें आम्हांस वाईट वाटतें. घारापुरी चुकली याहून ही चूक मोठी आहे, असें आमचें मत आहे.

आमच्या किनाऱ्याच्या शिल्पकारांस समुद्र ठाऊक नव्हता असें मात्र कोणी समजूं नये. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर वल्हीं लावलेल्या, डोलकाठ्यांच्या युद्धनौकांच्या रांगा कोरलेल्या आहेत. देवमाशाची शिकार हा येथला धंदा नव्हता, म्हणून तिचें शिल्प नाहीं. इतकी साधी ही गोष्ट आहे.

आणि देवमाशाचें जुनें भारतीय चित्र पाहिजेच असेल तर तें दगडांत नसून शब्दांत आहे. रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत पुष्पक विमानांतून परततांना राम सीतेस समुद्र दाखवितो. त्यांत दहाव्या श्लोकांत तिमि येतात. नदीमुखाशीं ते जबडा उघडून जीवजंतूंसह पाणी आंत घेतात, तोंड मिटतात, आणि डोक्यावरील छिद्रांतून पाण्याचे प्रवाह वर उडवितात. तोंड उघडणें, प्राण्यांसह पाणी घेणें, तोंड मिटणें, डोक्यास छिद्र असणें: या चारही गोष्टी दांतांऐवजीं झालर असलेल्या देवमाशास बरोबर लागू पडतात. चूक एवढीच कीं, घेतलेलें पाणी डोक्यांतून बाहेर पडत नाहीं. तें झालरींतून गाळून तोंडावाटेंच जातें, व वर उडते ती श्वासाची वाफ. परंतु हा भ्रम युरोपांतही एकोणिसाव्या शतकापर्यंत होता, आणि मेल्व्हिलनें तो फवारा पाण्याचा कीं वाफेचा या वादास एक प्रकरण खर्ची घातलें आहे. सत्तावन्नाव्या प्रकरणांत ज्यानें आकाशांतले देवमासे सुद्धां गोळा केले त्याच्या यादींत कालिदास असता तर शोभला असता. पण ज्या पुस्तकांतून त्यास घारापुरी मिळाली त्यांतून कालिदास मिळणें शक्य नव्हतें.

मल्लिनाथ या श्लोकावर तिमि म्हणजे शंभर योजनें लांबीचा एक मासा असें सांगून पुढें जातो. त्याच्या डोळ्यांपुढें कोणता प्राणी होता तें यावरून कळत नाहीं. मराठी वाचणाऱ्यांस मात्र तिमि म्हणजे देवमासा हें आज सहज वाटतें. हा अर्थ आमच्याकडे केव्हांपासून रूढ आहे हें ठरविण्याचें साधन पोथ्यांच्या समासांतच मिळण्याजोगें आहे. ज्यांच्या संग्रहीं रघुवंशाच्या सटीप पोथ्या असतील त्यांनीं तेराव्या सर्गाचें हें पान काढून 'तिमि' या शब्दावर मराठींत कांहीं टीप आहे काय, असल्यास कोणती, आणि पोथीचा लेखनशक कोणता, एवढें मंडळाच्या पत्त्यावर कळवावें. टीप मूळ लेखकाच्या हातची आहे कीं मागाहून कोणी घातली आहे, हेंही शाई व अक्षर पाहून नमूद करावें.